साबणात काय नाही

सी लारूसीच्या जाहिरातीचा मजकूर मी लिहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ट्युनिसियातल्या आमच्या सूसा शहरात आजही कोणाला विचारलं तर तो छापखान्याच्या माल्टीज मालकाचं नाव घेईल, नाहीतर दवंडीवाल्या बुरावीचं. त्या दोघांकडे काही दोष जात नाही. शेवटची ओळ माझी होती, आणि ती सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. मोठ्या मशिदीमागच्या गल्लीत दुकान होतं. कुराणाच्या जीर्ण प्रती, वकिलांची दप्तरं, शाळेची पुस्तकं असं बांधायला येई. शिवाय ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं आणि अर्ज मी लिहून देई. समोरच, जरासं तिरपं, सी लारूसीचं साबणघर. त्याच्या आजोबांपासूनचं. हिवाळ्यात जैतुणाचे घाणे सुरू झाले की चोथ्यातून निघालेलं शेवटचं तेल त्याच्याकडे यायचं. मग पाच-सहा दिवस तांब्याच्या काइलीत ते खाराबरोबर रटरटत राही आणि अख्ख्या गल्लीला तो हिरवट, जड वास चढे. माझ्या पुस्तकांनासुद्धा. तू खळीत साबण घालतोस की काय, असं एका वकिलानं मला विचारलं होतं.

लारूसीला सगळे आदरानं सी लारूसी म्हणत; तो पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. अंगानं जाड, बोलणं मोजकं. काईल उतरवायच्या आधी तो कालथ्यावर थोडा साबण घ्यायचा, निवू द्यायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. जीभ चुरचुरली तर खार शिल्लक आहे, अजून शिजायला हवा. ही परीक्षा तो दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. मग साबण फरशीवर ओतायचा, थिजला की तारेनं कापायचा, प्रत्येक वडीवर दोन माशांचा शिक्का मारायचा आणि माडीवर वाळत ठेवायचा. माल वाळला की बुरावी शहराच्या दरवाज्यांवर जाऊन दवंडी द्यायचा, की दोन माशांचा साबण उतरला हो. एवढीच त्याची जाहिरात. बायका लेकीसुनांना घेऊन येत आणि वर्षाचा साबण भरून नेत.

एकतीस सालच्या सुरुवातीला, शहराच्या भिंतीबाहेरच्या फ्रेंच वस्तीत, रुळांच्या पलीकडे, एका कंपनीनं साबणाचा कारखाना काढला. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती कधीच बुडाली. त्यांचा साबण पांढरा, गुळगुळीत, गुलाबाच्या वासाचा, रंगीत कागदात गुंडाळलेला. पश्चिम दरवाज्यावर माणसाएवढे कागद लागले. त्यावर हसणारी बाई आणि तिच्यामागे दोरीवर पांढरीशुभ्र चादर. मग एक मोटार आली. तिच्या टपावर कर्णा होता. आत ग्रामोफोनवर गाणं लावायचे, आणि गाणं संपलं की साबणाचा एकेक तुकडा फुकट वाटायचे. पुढचं गाणं लागेपर्यंत लोक तिथंच थांबायचे.

बाजाराला त्या वर्षी जाहिरातीचं वेडच लागलं. जेर्बा बेटावरून आलेल्या वाण्यानं चहाच्या पुड्यांवर उंट छापून घेतला, तर त्याच्या शेजाऱ्यानं लगेच दोन उंट छापले. लाल टोप्या विकणाऱ्यानं पाटी लावली की आमच्या टोप्या दरबारात जातात. खोदून विचारलं तेव्हा कळलं की दरबारातला एक माळी येऊन एक टोपी घेऊन गेला होता. खजूरवाल्यानं तर गाढवाच्याच गळ्यात पाटी अडकवली. माल्टीज मालकानं इटलीहून दुसरं यंत्र मागवलं.

सी लारूसी हे सगळं बघून मिशीतल्या मिशीत हसायचा. एके दिवशी मात्र घरच्या अंगणात, हौदाच्या काठी, त्याला गुलाबी कागद सापडला. त्याच्या बायकोनं, मन्नूबियानं, कारखान्याचा साबण घरात आणला होता. तिनं लपवाछपवी केली नाही. म्हणाली, "अहो, फुकट देत होते. वास चांगला आहे."

तो घराबाहेर पडला. सरळ माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "जल्लूल, मला एक कागद लिहून दे."

त्या कागदावर आम्ही दोन दुपारी घालवल्या. तो सांगे, मी लिही. दोन माशांचा साबण, तीन पिढ्यांचा. आपल्याच मुलखातल्या जैतुणाचं तेल. कपड्याला, अंगाला, केसाला चालणारा. जुनं गिऱ्हाईक हीच आमची साक्ष. चार ओळी झाल्या. मी वाचून दाखवल्या. त्याला बऱ्या वाटल्या, पण चेहरा काही खुलला नाही. हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे, म्हणाला.

तेव्हा मला ती ओळ सुचली. युरोपात काही ठिकाणी साबणाला जनावराची चरबी वापरतात, असं मी एका वर्तमानपत्रात वाचलं होतं. कारखान्याच्या साबणात काय होतं मला माहीत नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, शेवटी असं घालू या, की या साबणात डुकराची किंवा दुसऱ्या कुठल्या जनावराची चरबी नाही. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप पांढऱ्या साबणाबद्दल शंका येईल.

सी लारूसीनं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पण आहे असं म्हणतंय कोण?"

"तुझ्यात आहे असं कोणीच म्हणत नाही. त्यांच्यात असेल की काय, असं लोकांच्या डोक्यात यावं म्हणून लिहायचं."

त्यानं मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि मान हलवली. माझ्या अक्षरावर आणि माझ्या अकलेवर त्याचा विश्वास होता. छापखान्यात माल्टीज मालक म्हणाला की पान खाली रिकामं दिसतंय, शेवटची ओळ मोठ्या टायपात घेऊ का. घ्या, असं मीच म्हटलं.

बुरावीला लिहितावाचता येत नव्हतं. तो सत्तरीचा असेल. कुठलाही मजकूर दोनदा ऐकला की त्याचा पाठ होई. कागद भिंतींना लागले त्या सकाळी आम्ही त्याला बोलावलं आणि मी वाचायला लागलो. चार ओळींना त्याची मान डोलत होती. पाचवीला थांबली.

"ही मी नाही म्हणणार," तो म्हणाला. "चाळीस वर्षं ओरडतोय मी. काय आलं, काय हरवलं, कोण गेलं, ते सांगतो. जे नाही ते कधी ओरडलो नाही."

सी लारूसीला राग आला. भिंतीवर एक आणि दवंडीत दुसरं, हे कसं चालेल, असं तो म्हणाला. मीही मध्ये तोंड घातलं. म्हटलं, काका, जमाना बदललाय. बुरावीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी उचलली, बाहेर पडला, आणि पाचही ओळी जशाच्या तशा ओरडला. घेतलेलं काम तो अर्धं करत नसे.

त्या दिवशी समुद्राकडून वारा होता. आमच्या बोलीत नकार आधी येतो आणि कशाचा नकार ते मागून. म्हाताऱ्याला आता प्रत्येक ओळीनंतर दम घ्यावा लागे, आणि नवी ओळ उचलताना पहिला शब्द घशातच राही. मी मासळीबाजारापाशी उभा होतो. माझ्या कानावर जे आलं ते असं, "डुकराची चरबी, दोन माशांच्या साबणात." शेजारच्या कोळ्यानं दुसऱ्याला विचारलं, काय म्हणतोय हा. दुसरा म्हणाला, लारूसीच्या साबणात काहीतरी निघालंय वाटतं.

मी त्या दोघांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हो हो म्हणाले. तोवर बुरावी पुढच्या चौकात पोचला होता.

आठवडाभर काही झालं नाही. मग एक म्हातारी आली, वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक. वड्या हातात घेऊन उलटसुलट करत राहिली आणि तिनं अगदी मायेनं विचारलं, "लारूसी, बाळा, आता घालत नाहीस ना? चांगलं केलंस. पण आधी किती वर्षं घालत होतास रे?"

सी लारूसीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो शपथा घ्यायला लागला, आईची, बापाच्या कबरीची. त्याचा आवाज इतका चढला की मी दुकानातून बाहेर आलो. म्हातारी घाबरून गेली होती. मी वाईट मनानं नाही विचारलं, असं पुटपुटत तिनं वड्या जागच्या जागी ठेवल्या, अंगभर गुंडाळलेला पांढरा सफसारी पदरासारखा डोक्यावरून पुढे ओढला आणि निघून गेली.

तिच्यासारख्या आणखी काही जणी आल्या. काहींनी विचारलं, काहींनी नुसतंच वासावरून ताडायचा प्रयत्न केला. पुढे येईनाशा झाल्या. हम्माममध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, अंग चोळणाऱ्या बाईनं मन्नूबियाला सांगितलं की वडीवर दोन मासे दिसले की बायका म्हणतात, राहू दे, आज केस नुसत्या मातीनंच धुऊ. मन्नूबियानं ते नवऱ्याला सांगितलं नाही. ती माझ्याकडे आली. दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "जल्लूलभाऊ, तुम्ही लिहिलंत. आता तुम्हीच काहीतरी लिहून ते पुसून टाका."

मी लिहिलं. दुसरा कागद छापला, की खोट्या अफवांवर विश्वास ठेवू नका, दोन माशांचा साबण पहिल्यापासून शुद्ध आहे. या वेळी बुरावीनं साफ नकार दिला, तेव्हा तो नुसता भिंतींवर लावला. ज्यांच्या कानावर अफवा गेलीच नव्हती ते आता विचारायला लागले, कसली अफवा. कागद वाचून ते शेजाऱ्याकडे जात आणि शेजारी त्यांना सगळं सांगे. मसाकिनहून आणि आसपासच्या खेड्यांतून माल न्यायला येणारे फेरीवाले आले नाहीत. कारखान्यानं यात काही केलं, असं मला म्हणता येणार नाही. त्यांना काही करावंच लागलं नाही. त्यांची मोटार आपली गाणी वाजवत फिरत होती.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक घाणेवाला वारला. गल्लीत कोणाकडे मयत झाली की अंघोळीसाठी साबणाच्या दोन वड्या सी लारूसीच्या घरून जायच्या, ही पद्धत त्याच्या आजोबांनी घातली होती. तो स्वतः वड्या घेऊन गेला. घाणेवाल्याच्या मुलानं दोन्ही हातांनी त्या घेतल्या, अल्ला तुमचं भलं करो म्हणाला, आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. आम्ही अंगणात बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं दाराच्या पडद्यातून गुलाबाचा वास बाहेर आला.

अंगणात पंधरा-वीस माणसं असतील. सगळ्यांना वास आला आणि सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. सी लारूसी उठला नाही. नमाजाला उभा राहिला, जनाज्याला खांदा दिला, कबरीत मूठभर माती टाकली. परत येताना वाटेत मला म्हणाला, "मुलगा चांगला आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीपण जोखीम घेतली नसती."

मी त्याला मुफ्तींकडे घेऊन गेलो. त्यांनी चांगली वागणूक दिली, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आरोप कोणाचा आहे. सी लारूसी म्हणाला, सगळ्यांचा. मुफ्ती म्हणाले, सगळे म्हणजे कोणी नाही. एक माणूस आण, जो माझ्यासमोर उभा राहून सांगेल की तुझ्या साबणात हराम वस्तू आहे. मी त्याच्याकडून पुरावा मागीन, तो देऊ शकणार नाही, मग मी तसा निकाल देईन. आरोपच नसेल तर निकाल कशाचा देऊ.

त्यांचं बरोबर होतं. सी लारूसी चार दिवस बाजारात माणूस शोधत हिंडला. टोपीवाल्याकडे गेला, वाण्याकडे गेला, कोळ्यांकडे गेला. तुम्ही म्हणता का, असं विचारायचा. जो तो कानाला हात लावायचा. आम्ही? तोबा तोबा. तुझ्याबद्दल असं कोण बोलेल. काहींनी तर त्याला बसवून घेतलं, कॉफी मागवली, आणि लोक किती वाईट आहेत ते त्यालाच ऐकवलं. त्याला एकच शत्रू हवा होता, आणि तो काही सापडेना.

मग आम्ही ट्युनिसला सरकारी तपासनिसाकडे एक वडी पाठवली. महिन्यानं कागद आला, फ्रेंचमध्ये, खाली निळा शिक्का. फक्त वनस्पतीचं तेल, इतर कसलीही चरबी नाही. मी तो काचेत बसवला आणि आम्ही साबणघराच्या दारावर टांगला. ज्यांना फ्रेंच वाचता येत नव्हतं, म्हणजे जवळजवळ सगळेच, ते शिक्का बघून हळूच विचारायचे, दंड झाला का हो. मी अरबीत त्याचा तर्जुमा करून खाली चिकटवला. तेव्हा एक मास्तर मला म्हणाले, "सरकारपर्यंत गेलं का प्रकरण? म्हणजे काहीतरी असणारच."

एव्हाना शरद ऋतू लागला होता. माडीवर आधीच्या हिवाळ्याचा माल तसाच होता. नव्या हंगामाचं तेल यायच्या आत तो हलायला हवा होता. सी लारूसीनं रविवारच्या बाजारात, भिंतीबाहेर, चटई पसरून साबणाचा ढीग लावला. मी त्याच्यासोबत बसलो. दुपारपर्यंत एका गावंढळ माणसानं भाव विचारला. तो बोलत असतानाच त्याच्या सोबत्यानं त्याची बाही ओढली. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मोटार आली, गाणं सुरू झालं आणि लोक तिकडे वळले.

सी लारूसी उठून एका खोक्यावर चढला. त्यानं उभ्या आयुष्यात कधी बाजारात आरोळी दिली नव्हती. त्याला ती देताही येत नव्हती, आवाज मध्येच चिरकत होता. "माझ्याकडे बघा," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनी साबण केला, बापानं केला. मी पाच वेळा नमाज पढतो. बघा." आणि त्यानं हातातल्या वडीचा मोठा लचका तोडला.

मला वाटलं तो थुंकेल. तो चावत राहिला. मी त्याचा हात धरायला गेलो, त्यानं मला ढकललं. घास गिळला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ओठांच्या कोपऱ्यांतून हिरवट फेस दाढीवर ओघळला. लोक आता खरोखरच जमा व्हायला लागले. मोटारीपाशी होते त्यांच्यापेक्षा जास्त. कोणी हसलं, कोणी हसणाऱ्याला गप्प केलं. त्यानं दुसरा लचका घेतला. मागून एक जण अगदी शांतपणे, समजून सांगावं तसं म्हणाला, "चरबी असल्याशिवाय गिळला गेला असता का?"

माझ्या आजूबाजूच्या दोन-तीन माना हलल्या. त्या माणसाचं तोंड मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी काय करणार होतो.

बुरावी गर्दीतून वाट काढत आला. त्यानं काठी माझ्या हातात दिली. डोक्याचं पागोटं सोडलं, त्याच्या टोकानं सी लारूसीचं तोंड आणि दाढी पुसली, एखाद्या लहान पोराची पुसावी तशी, आणि खोक्यावरून खाली उतरवलं. "चल घरी," एवढंच म्हणाला. साबणाचा ढीग तिथंच राहिला. संध्याकाळी मी गाडा घेऊन परत गेलो तेव्हा एकही वडी कमी झालेली नव्हती. कोणी चोरलीही नव्हती.

तो दोन दिवस ओकत होता. मन्नूबियानं त्याला नुसतं दूध आणि तेल पाजलं. घसा इतका सोलवटला होता की महिनाभर तो कुजबुजल्यासारखा बोलायचा. बाजारात त्याचं नाव साबणखाऊ पडलं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात वैर होतं असं नाही. ते त्याला रस्त्यात भेटले की आदरानं सलाम करत.

हिवाळा आला. घाणे सुरू झाले, पण त्यानं काईल चढवली नाही. तेव्हा कैरुआनचा फरजानी नावाचा लोकरीचा व्यापारी त्याला भेटायला आला. तो दरवर्षी लोकर धुवायला या साबणाची पोती न्यायचा, त्याला मालाची पारख होती. त्यानं रोखठोक सांगितलं, की तू साबण कर, पण शिक्का मारू नकोस. कोऱ्या वड्या मला दे. माझा मिनाराचा शिक्का मी मारीन. तू केलास हे मी कोणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

सी लारूसीनं विचार करायला वेळ मागितला नाही. हो म्हणाला. काइलीखाली जाळ लागला आणि गल्लीला पुन्हा तो वास आला. गल्लीत आम्हाला सगळं दिसत होतं, पण आम्ही कुठं बोललो नाही. बोलण्याचं काय होतं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

उन्हाळ्यात मिनाराचा साबण सूसाच्या बाजारात आला. कैरुआन म्हणजे पवित्र शहर, तिथल्या मालावर कोण शंका घेणार. फरजानीनं ना कागद लावले, ना दवंडी दिली. वाण्यांनी तो दुकानात पुढे मांडला आणि कारखान्याच्या पांढऱ्या साबणापेक्षा तो जास्त खपला. एका गुरुवारी मन्नूबिया हम्मामहून आली ती ओल्या केसांनीच साबणघरात गेली. मी तिथं बसलेलो होतो. तिनं सांगितलं की आज शेजारणीनं तिला मिनाराची वडी दिली आणि म्हणाली, हा बघ खरा साबण, तुझ्या नवऱ्याला असा जमला असता तर हे दिवस आले नसते.

सी लारूसीनं हातातलं काम थांबवलं. "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हो म्हणाले. केस धुतले."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग त्यानं विचारलं, "फेस बरा येतो म्हणाल्या का?"

"भरपूर येतो म्हणाल्या."

"बरं," तो म्हणाला, आणि कामाला लागला. मन्नूबिया दाराशी टेकून रडत होती, पण आवाज न करता, आणि त्यानं तिच्याकडे पाठ केलेली होती. मी उठून माझ्या दुकानात आलो.

मला त्याची माफी मागायची होती. वर्षभर मी ती मनात घोळवत होतो. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा धीर करून मी म्हटलं, "लारूसी, ती शेवटची ओळ मी घालायला नको होती."

त्याला खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "का? खोटं काय होतं त्यात?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता, टोमणा म्हणून नाही, त्याला ते खरोखर समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, खोटं नव्हतं. तो म्हणाला, तेच तर.

चार हिवाळे त्यानं कोऱ्या वड्या केल्या. मग फरजानी वारला. त्याच्या मुलांना हा धंदा नको होता, त्यांनी तसं निरोप्याकडून कळवलं. स्वतःच्या शिक्क्यानं माल काढायचं सी लारूसीनं मनातसुद्धा आणलं नाही. काईल त्यानं एका तांबटाला विकली, साबणघर एका सायकलवाल्याला भाड्यानं दिलं. दुपारचा तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. त्याच्या हातात जोर होता. पानं दाबायचा लाकडी शिकंजा तो मला आवळून द्यायचा, पुठ्ठे कापून द्यायचा. बुरावी असेपर्यंत तोही यायचा. मग आम्ही दोघंच राहिलो.

माझ्याकडे जाहिरात लिहून घ्यायला लोक येतच होते. माल्टीज मालक त्यांना पाठवायचा. कोणाला कॉफीची हवी असे, कोणाला शिलाई यंत्रांची. असा कोणी दारात उभा राहिला की सी लारूसी हातातलं काम बाजूला ठेवायचा, उठायचा आणि बाहेर गल्लीत जाऊन उभा राहायचा, माझं लिहून होईपर्यंत. ऊन असो, थंडी असो. मी त्याला कधी बस म्हटलं नाही आणि आलेल्या गिऱ्हाइकाला नाहीही म्हटलं नाही. घरात सहा तोंडं होती. मी लिहून द्यायचो, गिऱ्हाईक जायचं, मग तो आत येऊन पुन्हा आपल्या जागेवर बसायचा.